डोळा आठ मिनिटांत परत आला, त्यानंतरची गोष्ट

एका डोळ्याची दृष्टी अचानक जाते आणि काही मिनिटांत परत येते, असा हा आजार डॉक्टरांपुढे नेईपर्यंत संपलेला असतो. दुखत नाही, सूज येत नाही, डोळा लाल होत नाही आणि आपण दवाखान्याच्या पायऱ्या चढतो तेव्हा दोन्ही डोळ्यांनी सारखेच दिसत असते. त्यामुळे घरातली माणसे, कचेरी आणि कधी कधी आपण स्वतःही ‘झाले ते झाले’ म्हणून विषय मिटवायला तयार असतो. माझ्या बाबतीत विषय मिटला असता तर काय झाले असते, ते मला नंतर आकड्यांत समजावून सांगण्यात आले. कोणाला असा अनुभव आला तर पुढचे दिवस कसे जातात, कोणत्या तपासण्या होतात, खर्च किती येतो आणि कागद कोणते लागतात, याची थोडी कल्पना असावी म्हणून हे लिहीत आहे.

मी पारोळा तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. घटनेच्या वेळी वय छप्पन्न होते. रक्तदाबाची गोळी बरीच वर्षे चालू होती.

१३ नोव्हेंबर २०२४, बुधवार. विद्यार्थ्यांची दिवाळीची सुट्टी चालू होती, पण कार्यालय उघडे होते, कारण शालार्थ प्रणालीत वेतनदेयके भरायची होती आणि २० तारखेच्या विधानसभा मतदानाचे आदेशही वाटायचे होते. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी संगणकासमोर बसलेलो असताना उजव्या डोळ्यापुढे वरच्या बाजूने राखाडी सावली उतरू लागली आणि काही सेकंदांत त्या डोळ्याने दिसणे पूर्ण बंद झाले. वेदना नव्हती, चक्कर नव्हती. मी आधी डावा डोळा हाताने झाकला तेव्हा समोर नुसता काळोख होता. मग उजवा झाकला तेव्हा पडद्यावरील अक्षरे स्वच्छ दिसली. ही साधी चाचणी किती मोलाची आहे ते मला संध्याकाळी कळले. दोन्ही डोळ्यांच्या एकाच बाजूचा अर्धा भाग दिसेनासा झाला तरी अनेकांना ‘एक डोळा गेला’ असेच वाटते. प्रत्यक्षात तेव्हा दोष डोळ्यात नसून मेंदूच्या मागच्या भागात असतो आणि तपासाची दिशा बदलते. असा प्रसंग आल्यास घाबरलेले असतानाही एकेक डोळा झाकून पाहावे.

शिपाई धावत आला. ‘भाऊसाहेब, पाणी आणू का?’ एवढेच तो दोनतीनदा विचारत राहिला. साधारण आठ मिनिटांनी सावली खालच्या बाजूने विरळ होत गेली आणि दृष्टी पूर्ववत झाली. आयुष्य आवक-जावक नोंदवहीत गेलेले असल्यामुळे हात आपोआप कागदाकडे गेला आणि मी तारीख, सुरुवातीची वेळ, संपल्याची वेळ, कोणता डोळा, सावली कोणत्या बाजूने आली, बोलणे व हातपाय ठीक होते का, हे सर्व एका कोऱ्या कागदावर लिहून खाली सही केली. पुढे प्रत्येक डॉक्टरांनी हेच प्रश्न याच क्रमाने विचारले.

सहकाऱ्यांनी पित्त, चष्म्याचा नंबर, संगणकाचा ताण अशी कारणे सुचवली. एकाने औषधाच्या दुकानातून थेंब आणण्याची तयारी दाखवली. मी गावातील नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब १७०/१०० भरला. त्यांनी नाडी बराच वेळ धरून तिची लय पाहिली, मानेच्या दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावला आणि उजवीकडे तो जरा जास्त वेळ ठेवला. मग चिठ्ठी लिहून धुळ्याच्या दृष्टिपटल तज्ज्ञांकडे त्याच दिवशी जायला सांगितले आणि स्वतः गाडी चालवायची नाही, असे बजावले. मोटारसायकल शाळेतच राहिली. मुलगा शेतातून आला, कापूस वेचणी अर्धी टाकून. निघताना आईने ‘काय व्हयनं रे भाऊ?’ असे विचारले, तेव्हा तिला नेमके काय सांगावे हे मला सुचले नाही. डोळा तर तिच्याकडे नीट पाहत होता.

धुळ्याला दुपारी अडीचच्या सुमारास पोहोचलो. तपासणी शुल्क सहाशे रुपये. बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकून पाऊण तास बसवतात, त्यानंतर चारपाच तास जवळचे वाचता येत नाही आणि ऊन सहन होत नाही, म्हणून सोबत माणूस आणि काळा चष्मा असावा. तक्त्यावरील दृष्टी दोन्ही डोळ्यांची ६/६ आली, डोळ्याचा दाब सामान्य आला. दृष्टिपटल सरकलेले नव्हते. त्या आजारात आधी विजेसारख्या चमका आणि काळे ठिपके दिसतात, ते मला दिसले नव्हते. तज्ज्ञांनी भिंग धरून बराच वेळ आत पाहिले आणि मग आतला फोटो काढायला सांगितला, त्याचे आठशे रुपये वेगळे पडले. फोटोत दृष्टिपटलाच्या एका बारीक धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे पिवळसर चकाकणारा कण अडकलेला होता. तो कोलेस्टेरॉलचा होता. १९६१ साली हॉलेनहॉर्स्ट नावाच्या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी अशा कणांचे महत्त्व दाखवून दिले, म्हणून त्याला त्यांचेच नाव आहे. हा कण काही दिवसांत पुढे सरकून नाहीसा होऊ शकतो, म्हणून त्यांनी छापील प्रत देऊन ती जपून ठेवायला सांगितली. घडून गेलेल्या गोष्टीचा माझ्याकडे हा एकच पुरावा होता आणि पुढच्या सर्व धावपळीत त्याने माझी बाजू मांडली. दृष्टिपटलाचा फोटो काढला असेल तर त्याची प्रत मागून घ्यावी, मोबाईलमध्ये नुसते पाहून परत येऊ नये.

मी शेतीही करतो हे कळल्यावर त्यांनी समजावले ते असे : ‘ड्रिपर बंद पडला तर तुम्ही ड्रिपर बदलता की आधी फिल्टर आणि मुख्य नळी बघता? डोळा तुमचा शेवटचा ड्रिपर आहे. कचरा मानेतून येतोय की हृदयातून, ते शोधायचं आहे, आणि ते आज शोधायचं आहे, उद्या नाही.’ मानेतील अंतर्गत कॅरोटिड धमनी कवटीत शिरल्यावर तिला जी पहिली मोठी शाखा फुटते ती डोळ्याकडे जाते. कॅरोटिडच्या भिंतीवर साचलेल्या थरातून सुटलेला कण डोळ्याकडे गेला तर काही मिनिटे अंधार येतो. तोच मेंदूकडे गेला तर पक्षाघात होतो, आणि हा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. दृष्टी परत आली नसती तर काय, असे मी विचारले. तेव्हा हिशेब तासांचा असतो, कारण रक्तपुरवठा तुटलेले दृष्टिपटल थोड्या तासांतच कायमचे निकामी होते. अशा वेळी, किंवा तोंड वाकडे होणे, हातातली शक्ती जाणे, बोबडी वळणे यांपैकी काही दिसले तर १०८ क्रमांकाला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जायचे, डोळ्यांच्या दवाखान्यात नाही, असे त्यांनी सांगितले.

संध्याकाळी एका खासगी रुग्णालयात दाखल झालो. फिजिशियननी जेवताना जबडा दुखतो का, कंगवा फिरवताना कपाळाच्या बाजूला दुखते का, नवीन डोकेदुखी सुरू झाली आहे का, असे मला तेव्हा अप्रस्तुत वाटणारे प्रश्न विचारले. पन्नाशीनंतर धमन्यांना सूज येण्याचा एक आजार असतो, त्यातही अशीच दृष्टी जाते आणि वेळीच स्टेरॉइड न दिल्यास दुसराही डोळा जाऊ शकतो, म्हणून ईएसआर आणि सीआरपी या दोन रक्ततपासण्या त्याच रात्री झाल्या. दोन्ही सामान्य निघाल्या. ईसीजी सामान्य. रात्री नऊला मेंदूचा एमआरआय झाला, साडेसहा हजार रुपये, तोही स्वच्छ. रक्तस्राव नाही हे पाहून रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या गोळ्या आणि जोडीला कोलेस्टेरॉल कमी करणारे ॲटोरव्हास्टॅटिन सुरू झाले. या गोळ्या कोणी आपल्या मनाने घेऊ नयेत. कोणाला कोणती आणि किती दिवस, याचा निर्णय तपासण्यांवर अवलंबून असतो.

त्या रात्री मी झोपलो नाही. वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा या डोळ्याने, एकदा त्या डोळ्याने पाहत होतो. शेजारच्या खाटेवरील गृहस्थांना काय वाटले असेल कोण जाणे. चांगले अहवाल येत होते आणि प्रत्येक चांगल्या अहवालाबरोबर माझी अस्वस्थता वाढत होती, कारण कचरा कुठून आला हे अजून कळलेले नव्हते.

१४ तारखेला मानेच्या धमन्यांचा डॉपलर झाला, बावीसशे रुपये. सोनोग्राफीसारखीच तपासणी असते, सुई नाही, उपाशी राहणे नाही. उजव्या अंतर्गत कॅरोटिड धमनीत सत्तर टक्क्यांहून अधिक अरुंदपणा आणि डाव्या बाजूला सुमारे तीस टक्के. हृदयाची टूडी इको सामान्य आली, तिचे अठराशे. सीटी अँजिओग्राफी करून खात्री करायची होती, पण १५ तारखेला गुरुनानक जयंतीची सुट्टी असल्यामुळे ती शनिवारी १६ तारखेला झाली. तिला साडेआठ हजार रुपये लागले, आणि त्यात शिरेतून रंगद्रव्य सोडतात म्हणून क्रिएटिनीनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा अहवाल आधी मागतात. तो हाती नसला तर अर्धा दिवस त्यातच जातो. अरुंदपणा पंच्याहत्तर टक्के आहे यावर शिक्कामोर्तब झाले.

याच दिवसांत दुसरी एक फाईल चालू होती. माझी निवडणूक कामी नेमणूक झालेली होती आणि १९ तारखेला मतदान साहित्य घेऊन केंद्रावर जायचे होते. नेमणूक रद्द करून घेण्यासाठी अर्ज घेऊन मुलगा निवडणूक शाखेत गेला, तेव्हा तिथे गुडघे, मणका आणि रक्तदाब यांची मोठी रांग होती. टेबलावरच्या माणसाने केसपेपर वाचून विचारले, ‘दृष्टी ६/६ लिहिली आहे, मग अडचण काय?’ मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच विचारले असते, कारण निवडणुकीच्या तोंडावर येणाऱ्या आजारपणांचे अर्ज मी वर्षानुवर्षे हाताळले आहेत. खासगी प्रमाणपत्र चालणार नाही, शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांचे हवे, असे त्याने सांगितले. मुलाने दृष्टिपटलाचा फोटो, डॉपलरचा अहवाल आणि रुग्णालयात दाखल असल्याचा दाखला यांच्या प्रती शासकीय रुग्णालयात दाखवल्या आणि तेथील अभिप्राय जोडून अर्ज पुन्हा दिला. निवडणुकीमुळे ती शाखा शनिवारीही चालू होती, त्यामुळे १६ तारखेला सायंकाळी आदेश रद्द झाल्याचा कागद हातात आला. अशा वेळी अर्जात ‘डोळ्याचा त्रास’ असे न लिहिता निदान जसेच्या तसे लिहावे आणि प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.

कॅरोटिडमधला थर काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही नाशिक निवडले, कारण तिथे बहिणीचे घर आहे. सोमवारी १८ तारखेला रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांना भेटलो. त्यांनी घाई केली नाही आणि पर्याय दोन्ही मांडले. उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात सत्तर ते नव्व्याण्णव टक्के अरुंदपणा आणि त्याची लक्षणे असलेल्या रुग्णांपैकी नुसत्या औषधांवर ठेवलेल्या शंभरातल्या सव्वीस जणांना दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात झाला, तर शस्त्रक्रिया केलेल्या शंभरातल्या नऊ जणांना. ज्यांना फक्त डोळ्याचे लक्षण होते त्यांचा धोका मेंदूची लक्षणे असलेल्यांपेक्षा कमी होता, आणि आजची औषधे तेव्हापेक्षा चांगली आहेत, हेही त्यांनी स्वतःहून सांगितले. खुद्द शस्त्रक्रियेतही शंभरात काही जणांना पक्षाघात होऊ शकतो. मात्र करायची तर लक्षण दिसल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करण्यात खरा फायदा. पुढे तो घटत जातो. बहिणीकडे गेल्यावर दाजी म्हणाले, ‘डोळा चांगला असताना मान कापून घ्यायची?’ त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता आणि माझ्याकडे त्याला चटकन देण्यासारखे उत्तरही नव्हते. मी रात्रभर तो पिवळा कण डोळ्यासमोर ठेवून विचार केला. मंगळवारी सकाळी होकार कळवला.

खर्चाचा अंदाज सव्वादोन लाखांचा मिळाला. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आरोग्यमित्रांकडे केली. ते रुग्णालय या शस्त्रक्रियेसाठी योजनेत नव्हते. योजनेची पूर्वमंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते, म्हणून हा प्रश्न दाखल होण्यापूर्वीच विचारावा. बिल झाल्यावर विचारून उपयोग नाही. भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम मिळायला वेळ लागला असता. पैसे उभे राहिले ते शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतील आकस्मिक कर्ज आणि कापसाची पहिली उचल यांतून. २० तारखेला मतदान होते. मी नाशिकला बहिणीच्या ओसरीवर बसून होतो.

२१ तारखेला दाखल झालो आणि २२ तारखेला, शुक्रवारी, शस्त्रक्रिया झाली. मानेचा भाग बधिर करून, मला जागे ठेवून ती करण्यात आली. धमनी काही वेळ चिमट्याने बंद करतात तेव्हा मेंदूला दुसऱ्या बाजूने रक्त पुरते आहे की नाही हे कळावे म्हणून माझ्या डाव्या हातात दाबल्यावर चूं वाजणारे लहान मुलांचे रबरी बदक दिले होते. भूलतज्ज्ञ ‘दाबा’ म्हणाले की मी दाबायचे. उजव्या बाजूची धमनी बंद असताना डावा हात ढिला पडला तर लगेच पर्यायी नळी घालायची, असे ठरलेले होते. छप्पन्न वर्षांचा माणूस हिरव्या कापडाखाली पडून बदक वाजवतो आहे, या विचाराने मला मध्येच हसू आले आणि ‘मान हलवू नका’ अशी ताकीद मिळाली. वेदना नव्हती, पण ओढल्यासारखे आणि दाबल्यासारखे जाणवत होते, आणि तेवढा वेळ एकाच कुशीवर मान वळवून पडून राहणे कठीण गेले. शेवटी त्यांनी काढलेला थर बाटलीत दाखवला. पिवळट, खडबडीत, करंगळीच्या पेराएवढा.

पहिले चोवीस तास अतिदक्षता विभागात रक्तदाबावर सतत लक्ष होते, कारण अरुंद वाट एकदम मोकळी झाल्यावर दाब वाढलेला चालत नाही. २३ तारखेची मतमोजणी मला परिचारिकेच्या तोंडून तुकड्या-तुकड्यांनी कळली. आवाज दोन आठवडे बसलेला होता. उजव्या कानाची पाळी आणि जबड्याची कड बधिर झाली, कारण तिथल्या त्वचेची नस छेदाच्या वाटेवर असते. हे आधी सांगितलेले असूनही पहिल्यांदा दाढी करताना ब्लेड लागून रक्त आले तेव्हाच ते खरे समजले; त्या दिवसापासून मी विजेवर चालणारे यंत्र वापरतो. पाळीची जाणीव बरीचशी परत आली आहे, जबड्याची थोडी. २६ तारखेला घरी सोडले. तीन आठवडे वजन उचलायचे नव्हते आणि डॉक्टरांनी लेखी मोकळीक देईपर्यंत मोटारसायकलला हात लावायचा नव्हता.

उपचाराच्या खर्चाच्या प्रतिपूर्तीचा प्रस्ताव मी जानेवारीत मुख्याध्यापकांमार्फत पाठवला. मूळ देयके, घरी सोडतानाचे कार्ड, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याची विहित प्रमाणपत्रे आणि तातडीने दाखल व्हावे लागल्याचे प्रमाणपत्र, असे त्याचे स्वरूप असते, आणि त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांचा अभिप्राय लागतो. खासगी रुग्णालयातील खर्च मिळण्यासाठी ‘आकस्मिक’ हे सिद्ध व्हावे लागते. माझ्या प्रस्तावावर त्रुटी निघाली ती नेमकी तिथेच : घटना १३ तारखेची, शस्त्रक्रिया २२ तारखेची, मधल्या दिवसांत रुग्ण चालता-बोलता, मग तातडी कोणती? याचे उत्तर मला शल्यचिकित्सकांकडून लेखी मागवावे लागले. त्यांनी पत्रात दोन आठवड्यांची मर्यादा, अरुंदपणाची टक्केवारी आणि दृष्टिपटलातील कण या तीन गोष्टी चार ओळींत लिहिल्या आणि प्रस्ताव पुढे सरकला. हे पत्र घरी येतानाच मागून घेतले असते तर नाशिकची एक फेरी वाचते, एवढे इतरांसाठी नोंदवून ठेवतो. ऑगस्टमध्ये मंजुरी आली, मागणीच्या सुमारे दोन-तृतीयांश रकमेची. बाह्यरुग्ण म्हणून केलेल्या तपासण्यांचा खर्च त्यात धरला गेला नाही. त्यातून पतपेढीचे बहुतेक कर्ज फिटले.

आता ॲस्पिरिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन कायमचे आहे, रक्तदाबाची एक गोळी वाढली आहे आणि रक्तदाब घरीच मोजून वहीत लिहितो. शेवटच्या डॉपलरमध्ये उजवी धमनी मोकळी आहे. डाव्या बाजूचे तीस टक्के तीसच आहेत. त्या बाजूला शस्त्रक्रियेची गरज नाही, दर वर्षी तपासणी पुरे, असे सांगितले आहे.